इंग्रजीत धावतं, मराठीत चालतं

आमच्या बायकांच्या इंग्रजी वर्गातून सुरू झालेल्या या मालिकेत आज आम्ही एकच शब्द घेतलाय, आणि तोही तीन अक्षरांचा. आर, यू, एन. रन. पोरांच्या पहिलीच्या पुस्तकात हा शब्द असतो, शेजारी धावणाऱ्या मुलाचं चित्र असतं. रन म्हणजे धावणे. झालं, पान उलटा.

तो सोपा आहे म्हणूनच आम्ही तो निवडला. अवघड शब्द अडला की आपण मुलीला विचारतो, मास्तरांना विचारतो, मोबाईलमध्ये बघतो. सोपा शब्द मात्र आपल्याला येतोच असं धरून पुढे जातो, आणि फसगत होते ती तिथेच. आमच्या वर्गातल्या एक ताई घरकामाला जातात. एके दिवशी मालकीणबाई चिठ्ठी ठेवून बाहेर गेल्या होत्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मिल्क हॅज रन आउट’. मिल्क म्हणजे दूध, रन म्हणजे धावलं, आउट म्हणजे बाहेर. ताईंनी अर्थ लावला, दूध उतू गेलं. त्यांनी बिचारीनं अख्खी शेगडी घासून लख्ख केली. बाईंना म्हणायचं होतं, दूध संपलंय, येताना आणा. वर्गात हे सांगितल्यावर सगळ्या पोट धरून हसल्या, पण खरं सांगायचं तर ताईंचा तर्क काही वेडगळ नव्हता. वेडगळ आहे तो इंग्रजीचा कारभार.

हा कारभार केवढा मोठा आहे ते ऐका. इंग्रजीचा सर्वांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा सगळ्यात जास्त अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. त्याचे चारशे तीसच्या आसपास अर्थ दिलेले होते. पुढे कोशाच्या नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २०११ साली ‘रन’नं ‘सेट’ला मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक हा एक शब्द घेऊन नऊ महिन्यांहून जास्त काळ बसले होते. नऊ महिने म्हटल्यावर आपल्या वर्गात काय प्रतिक्रिया उमटली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल!

एवढे अर्थ कुठून आले? कोशाचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकी एक, सायमन विंचेस्टर, याचं श्रेय बरंचसं यंत्रांना देतात. कारखाने आले, आगगाड्या आल्या, इंजिनं आली. फिरणाऱ्या, चालू असणाऱ्या प्रत्येक वस्तूला इंग्रजांनी ‘रन’ लावून टाकलं. घड्याळ रन होतं, गिरणी रन होते, बस रन होते, आता कॉम्प्युटरवरचा प्रोग्रामही रन होतो.

आता गंमत बघा. इंग्रजांच्या देशातून जे घड्याळ धावत आलं, ते आपल्याकडे आल्यावर चालायला लागलं. आपण म्हणतो, घड्याळ चालतं. गिरणी चालते. दुकान चालतं. शाळा चालते. घर चालतं. वस्तू तीच, पण तिकडे ती पळते आणि इकडे पायी चालते. आम्हाला तर यात आपल्या भाषेचा समजूतदारपणा दिसतो. घर चालवणं हे दमानंच करायचं काम आहे.

तेव्हा वर्गात आम्ही एक ढोबळ खूण सांगतो. मराठीत जिथे चालू, चालणे, चालवणे येतं, तिथे इंग्रजीत ‘रन’ चालून जातं का ते आधी बघायचं. नळ चालू ठेवू नका, ‘डोन्ट लीव्ह द टॅप रनिंग’. ती खानावळ चालवते, ‘शी रन्स अ मेस’. पण ही खूण डोळे मिटून वापरायची नाही. सायकल चालवायला ‘राइड’ लागतं, मोटार चालवायला ‘ड्राइव्ह’. बाळ चालायला लागलं तर ते ‘वॉक’. आणि आपलं लाडकं ‘चालेल’? त्याला ‘इट विल रन’ म्हणालात तर समोरचा माणूस बघतच राहील. तिथे नुसतं ‘ओके’ म्हणा.

घरातल्या वस्तूंकडे वळू. नव्या ड्रेसच्या आत, शिवणीला एक छोटी पांढरी पट्टी असते. आपल्याला ती टोचते म्हणून आपण ती कापून टाकतो. कापण्याआधी वाचा. ‘कलर्स मे रन’ असं असलं तर रंग जाईल, हा कपडा वेगळा धुवा. मराठीत रंग ‘जातो’, इंग्रजीत तो ‘पळतो’, आणि पळून शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यात शिरतो. पांढरा सदरा बहुतेक वेळा शाळेचा असतो, हे काही आम्ही सांगायला नको.

शिवणकाम करणाऱ्यांना ‘रन’ फार जवळचा आहे, फक्त आपण त्याला त्या नावानं ओळखत नाही. ‘रनिंग स्टिच’ म्हणजे आपला धावदोरा. सुई खाली, वर, खाली, वर, एका रेषेत पुढे. आपल्या गोधड्या, वाकळा याच टाक्यानं शिवल्या जातात. बंगाली बायकांचं कांथाकामही मुळात याच टाक्याचं. इथे मात्र मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे दोरा धावतोच. कपडा घाईघाईनं शिवून काढायचा असला तर इंग्रजीत ‘रन अप’ म्हणतात. ‘आय विल रन अप अ ब्लाउज’, म्हणजे संध्याकाळपर्यंत ब्लाउज शिवून देते. आणि तेच ‘रन अप’ बिलाच्या बाबतीत आलं की उधारी चढवून ठेवणे. दुकानदारानं तसं म्हटलं तर ब्लाउजचा विषय नाही हे लक्षात घ्या.

आता जरा पैशाचं बोलू, कारण इथे या शब्दानं खरोखर नुकसान होऊ शकतं. घराचं काम काढलं की सुतार, फरशीवाले, गवंडी ‘रनिंग फूट’ असा शब्द वापरतात. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी. स्क्वेअर फूट म्हणजे लांबी गुणिले रुंदी. समजा तुमच्या ओट्याची लांबी १० फूट आणि रुंदी २ फूट आहे. दर ४०० रुपये ‘रनिंग फूट’ ठरला असेल तर हिशेब ४,००० रुपयांचा. तोच ४०० रुपये दर ‘स्क्वेअर फूट’नं लावला तर २० गुणिले ४००, म्हणजे ८,००० रुपये. सरळ दुप्पट. आमच्या एका श्रोत्या मैत्रिणीशी एका ठेकेदारानं बोलणं रनिंग फुटाचं केलं आणि कागदावर आकडा स्क्वेअर फुटाचा आणला. त्यांनी विचारलं तर म्हणाला, ‘ताई, फूट म्हणजे फूटच.’ त्यांच्याकडे लेखी काही नव्हतं. म्हणून काम सुरू होण्याआधी, वहीच्या पानावर का होईना, दर, कुठला फूट, आणि किती लांबी हे तिन्ही लिहून त्याची सही घ्या. त्याला राग आला तर येऊ द्या.

दवाखान्यातला ‘रन’ वेगळाच. ‘रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे अंगात ताप आहे. ‘रनिंग नोज’ म्हणजे नाक वाहतंय. ‘रन सम टेस्ट्स’ म्हणजे काही तपासण्या करू. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे हा आजार घराण्यात आहे. साखर, रक्तदाब यांबद्दल डॉक्टर असं विचारतात. त्या वेळी माहेरची माणसंसुद्धा मोजायची. कित्येक जणी फक्त सासरचं सांगतात, कारण फॅमिली म्हटलं की आता सासरच डोळ्यांसमोर येतं. तुमच्या रक्ताचं नातं माहेराशी आहे. आईला मधुमेह असेल तर ते सांगायलाच हवं.

आणखी एक वाक्य डॉक्टर सहज बोलून जातात. साधा सर्दी-ताप असला की म्हणतात, ‘लेट इट रन इट्स कोर्स.’ कोर्स हा शब्द आपण कुठे ऐकलेला असतो? ‘गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.’ त्यामुळे बाई दुकानात जाऊन मागच्या वेळच्या गोळ्यांचा कोर्स मागते. डॉक्टरांना म्हणायचं असतं की हा आजार त्याचे दिवस घेईल आणि आपला आपण जाईल. विश्रांती घ्या, पाणी प्या. म्हणजे अगदी उलट. अशा साध्या विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक काम करत नाही, आणि गरज नसताना घेतलं तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा जंतू त्याला दाद देत नाहीत. वाक्य कळलं नाही तर डॉक्टरांना मराठीत परत विचारा. त्यांचा वेळ जातो असं मनात आणू नका, त्यासाठीच ते बसलेत.

दुधाच्या चिठ्ठीतला ‘रन आउट’ क्रिकेटमध्येही आहे. तिथे त्याला आपण धावबाद म्हणतो. क्रिकेटनं मराठीला धावा दिल्या, धावसंख्या दिली, धावतं समालोचन दिलं. विमानानं धावपट्टी दिली. पण आपल्याकडे ‘धावा’ हा शब्द क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून होता. संकटात सापडलेला माणूस देवाचा धावा करतो. म्हणजे देवा, तू धावत ये. आजही वर्तमानपत्रात कुणी ‘न्यायालयात धाव घेतली’ असं छापून येतं, तेव्हा तिथे कुणी पळालेलं नसतं. वकील, तारखा, रिक्षाचं भाडं, असं सगळं त्या ‘धाव’मध्ये असतं.

नाटक-सिनेमांचा ‘रन’ म्हणजे ते किती दिवस चालले. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून चालू आहे, २०२० साली करोनात पडदा पडला तेवढा खंड. आपल्याकडे मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ मध्ये लागला आणि वर्षानुवर्षं उतरलाच नाही.

बँकेवरचा ‘रन’ मात्र घाबरवणारा असतो. एखादी बँक बुडणार अशी बातमी पसरली की लोक एकाच वेळी पैसे काढायला रांगा लावतात. त्याला ‘बँक रन’ म्हणतात. २००७ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉक या बँकेपुढे अशा रांगा लागल्या होत्या. कुठलीच बँक सगळ्यांचे पैसे एकदम तिजोरीत ठेवत नाही, ती ते कर्जाऊ देते. त्यामुळे बरी बँकसुद्धा अशा धावपळीत अडचणीत येऊ शकते. आपल्या देशात ठेवींना विमा असतो. आधी तो एक लाखापर्यंत होता, २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत. बचतगटाची किंवा स्वतःची रक्कम कुठे ठेवायची हे ठरवताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की इथल्या ठेवींना हा विमा आहे का. प्रत्येक पतसंस्थेला बँकेचे नियम लागू नसतात. पाटीवर रंग चांगला आहे म्हणून ठेव ठेवू नका.

आता निवडणूक. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. एकीकडे पळतात, दुसरीकडे उभे राहतात. मराठी यात ब्रिटिशांच्या बाजूची, आपण निवडणुकीला उभे राहतो. १८७२ साली व्हिक्टोरिया वुडहल नावाची बाई अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी ‘रन’ झाली. तेव्हा तिथल्या बायकांना देशभर मताचा हक्कही नव्हता, तो घटनेत आला १९२० मध्ये. आपल्याकडे १९९३ च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. उभं राहायला जागा मिळाली. बाई निवडूनही आली. पण इंग्रजीत पुढचा प्रश्न याच शब्दानं विचारतात, ‘हू रन्स द ऑफिस?’ कारभार कोण चालवतं? ‘सरपंचपती’ हा शब्द कुठल्याही कोशकारानं घडवलेला नाही, तो गावागावांतून आला. खुर्चीवर बाईचं नाव, शिक्का नवऱ्याच्या खिशात. सही करण्याआधी कागद वाचून दाखवा असं म्हणायलासुद्धा काही जणींना वर्ष-दोन वर्षं जावी लागतात. आमच्या ऐकणाऱ्यांत सदस्य आहेत, सरपंच आहेत. त्यांना आम्ही सांगतो, शिक्का पर्समध्ये ठेवा.

हाच प्रश्न दुकानालाही लागतो. एका बचतगटानं आम्हाला विचारलं, लोणच्याच्या बरणीवर इंग्रजीत काय छापू, ‘ओन्ड बाय विमेन’ की ‘रन बाय विमेन’? ओन्ड म्हणजे मालकीचं, रन म्हणजे चालवलेलं. कैऱ्या कापणं, मीठ लावणं, हिशेब, माल पोहोचवणं, सगळं बायका करतात, म्हणजे ‘रन’ तर आहेच. पण गाळ्याचा करार, खातं, परवाना कुणाच्या नावावर आहे? त्या गटात यावर बरीच चर्चा झाली आणि असं निघालं की परवाना गटाच्या नावावर आहे, गाळा मात्र एकीच्या दिरांच्या नावावर, आणि भाड्याचा कागदच नाही. बरणीवर काय छापायचं ते राहिलं बाजूला, आधी भाडेकरार करून घ्यायचं ठरलं. आम्हाला हे फार बरं वाटलं. बरणीवर दोन्ही शब्द यायला हवेत, पण कर्ज मागायला गेल्यावर बँक ‘ओन्ड’चा कागद विचारते, ‘रन’चा नाही. चालवणाऱ्या हाताचा कागद कुठे मिळत नाही.

एक शेवटचा अर्थ, जो आम्हाला बोलायचाच होता. ‘रन अवे’. पळून जाणे. मराठीत घर सोडलेल्या मुलाला आपण म्हणतो ‘निघून गेला’. मुलगी असली की ‘पळून गेली’. बाईनं मार खाऊन खाऊन एका रात्री पोरांना घेऊन माहेरची वाट धरली, तरी गल्लीत तेच, पळून गेली. पळतो चोर. ती काही चोरून निघालेली नसते. इंग्रजीतही हा फरक आहे. ‘शी रॅन अवे’ आणि ‘शी लेफ्ट’. पहिल्यात पळपुटेपणा आहे, दुसऱ्यात निर्णय. पोलीस ठाण्यात, वकिलाकडे, संस्थेत जबाब देताना कुणी तुमच्या वतीनं ‘पळून आली’ लिहीत असेल तर थांबवा आणि ‘मारहाणीमुळे घर सोडावं लागलं’ असं लिहायला सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. घर सोडलं म्हणून हक्क सोडला असं होत नाही. महिलांसाठी मदतीचा नंबर १८१, तातडीला ११२, आणि मुलांसाठी १०९८. हे तीन नंबर आम्ही दर कार्यक्रमात सांगतो, आजही सांगितले. लिहून घ्या, पण फ्रिजवर चिकटवू नका. पिठाच्या डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवा.

जाता जाता व्याकरणाचं तेवढं. आज ‘रन’, काल ‘रॅन’, आणि ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आलं की परत ‘रन’. म्हणून चिठ्ठीत ‘मिल्क हॅज रन आउट’ होतं, ‘हॅज रॅन’ नव्हतं. पुढच्या बुधवारी ‘टेक’ घेऊ. त्यासाठी घरातल्या कुठल्याही एका औषधाचं खोकं समोर ठेवून बसा.